वरची की खालची

"अवनीला नेली की मघाशी," तुळसाबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती. पाळणाघराच्या पायरीवर मी उभी होते, एक हात दाराच्या जाळीवर, दुसऱ्यात हेल्मेट. निदान कोणी नेली एवढं तरी विचारावं असं वाटत होतं. आत भिंतीच्या कडेने लहान लहान चपलांची रांग होती आणि तिच्यात अवनीच्या निळ्या चपला नव्हत्या. रोज मला आधी त्या दिसतात, मग ती दिसते. आज रांगेत दोन चपलांएवढी जागा मोकळी होती. त्या जागेकडे बघताना जे वाटलं ते नवीन नव्हतं. गेले कित्येक दिवस मी मनातल्या मनात हेच करून बघत होते. भांडी घासताना, ऑफिसात कंटेनरचे कागद तपासताना, सिग्नलला थांबल्यावर. दूर कुठल्यातरी खोलीवर यायचं आणि समोर अवनी नसायची. फक्त माझ्या त्या खेळात जाणारी मी असायचे. राहणारी असण्याचा सराव मी केलाच नव्हता.

तुळसाबाईंना माझा चेहरा दिसला असावा. त्या परत दाराशी आल्या. आजी घेऊन गेल्या म्हणाल्या, रिक्षा थांबवून ठेवलेली होती, देवळात जाऊन येतो म्हणाल्या, पिशवीत नारळ होता आणि पानात बांधलेली फुलं. तुम्हाला ठाऊक नाय? मला ठाऊक असल्यासारखी मी मान हलवली. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. गुडघ्यांमुळे त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जात नाहीत. मी त्यांना फोन लावला. तो घरच्या फ्रिजवर वाजत असणार हे लावतानाच माहीत होतं. बाहेर जाताना फोन त्या घरीच ठेवतात, मी हरवल्ये तर लोक आणून सोडतील म्हणतात. तसं ते खरं आहे. अर्ध्या रत्नागिरीला त्यांनी गणित शिकवलं आहे. पण नारळ आणि पानात बांधलेली फुलं म्हटल्यावर त्या कुठे गेल्या असतील हे मला कळलं. पुलापलीकडे, सासऱ्यांच्या मूळ गावात, देवीला कौल लावायला. आणि कशाबद्दल, हेही कळलं. एकदम कान तापले. माझ्या मुलीला घेऊन, मला न सांगता, माझं काय करायचं हे विचारायला त्या गेल्या होत्या.

खरं म्हणजे तक्रार करावी असं माझं काहीच नव्हतं. दोन्ही शाळांकडून बोलावणं आलं होतं. सगळा देश जिथे जायला धडपडतो त्यांतल्या दोन, आणि एमबीएचा तो नोकरी केलेल्यांसाठीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम. ऑफिसात कोणीतरी म्हणालंच, लोकांना एक मिळत नाही आणि तुझं तोंड असं का. सलिलने, माझ्या नवऱ्याने, त्या शाळांना नावं दिली होती, वरची आणि खालची. एक आमच्या रेल्वेच्या रुळावरून वर उत्तरेला, दुसरी त्याच रुळावरून खाली दक्षिणेला. एकाच फलाटावर उभं राहायचं आणि गाडी कुठल्या दिशेने येते ते बघायचं, असं तो म्हणायचा, आणि पुन्हा आंब्याच्या पेट्यांकडे वळायचा. हंगाम ऐन भरात होता. तो बागेतून यायचा तेव्हा त्याच्या हातांना चिकाचा आणि केसांना पेंढ्याचा वास असायचा. तुला जे वाटेल ते, मी आहे, एवढं बोलून तो जेवता जेवता पेंगायचा. त्याचं मी आहे खरंच असतं. पण तुला जे वाटेल ते ह्या शब्दांना मी त्या दिवसांत घाबरायला लागले होते. मला जे वाटत होतं ते दुपारी एक असे आणि दिवेलागणीला दुसरं.

खालची शाळा मुलांसकट घेत होती. टेकडीवर दोन खोल्यांचं घर, आवारातच पाळणाघर. मुलाखतीत त्यांनी अवनीचं वय विचारलं, ती बोलते का विचारलं, आणि एका बाईंनी स्क्रीनवर मला तिथल्या घसरगुंडीचा फोटो दाखवला. मला रडू यायचं बाकी होतं. इतकं चांगलं कोण वागतं? आणि त्याच वेळी, हे मी सलिललाही सांगितलं नाही, आपण जरा लहान झालो असं वाटलं. मी तिथे घसरगुंडीसाठी चालले असल्यासारखं. वरच्या शाळेत मुलांना जागा नव्हती. वसतिगृहातली एक खोली, एक पलंग. पण शेतमालाच्या व्यापाराचा जो विषय मला हवा होता तो तिथे होता, शिकवणारे तिथे होते. त्यांच्या मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारलं की तुमच्या भागातल्या लहान बागायतदाराच्या आंब्याचा भाव नक्की कोण ठरवतो, आणि मी बोलायला लागले. आंब्याचा पल्प परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात निर्यातीचं काम मी लग्नाआधीपासून बघते आहे. दलालाचा फोन कधी येतो, कुठला माल कुठे पडून राहतो, डागी फळ कोण कुठल्या नावाने उचलतं, सगळं बोलले. ते ऐकत होते. मधेच मी पाणी प्यायले आणि मला एकदम जाणवलं की इतका वेळ सलग मी अवनीच्या जन्मानंतर बोललेच नव्हते. कोणी ओढणी ओढली नव्हती. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघितलं होतं, ही कोण ते.

स्कूटर मारुती मंदिराहून खाली उतरत होती आणि मी आईंशी मनात भांडत होते. विचारायचंच होतं तर मला विचारायचं. सोमवारपर्यंत कळवायचं आहे हे त्यांना माहीत होतं. घरात गेले काही दिवस सगळेच त्या सोमवारला वळसा घालून चालत होते. आई तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बाहेरचे सगळे बोलत होते, खालचीच घे, पोर बरोबर राहील, पोरीचे हे दिवस परत येत नाहीत. आणि मला ते पटत होतं. पटत नव्हतं ते एवढंच, की सगळ्यांना ते इतक्या पटकन कसं पटतं. तिथे अभ्यास दिवसरात्र असणार. अवनीला मी त्या टेकडीवर नेणार आणि मग सकाळी तिला पाळणाघरात सोडून रात्री झोपलेली उचलून आणणार. इथे निदान तिला अंगण आहे, आजी आहे, बाबा आहे. पण हे मोठ्याने बोललं की ते पोरीला टाकून जाणारीचं बोलणं वाटे, माझ्याच कानांना. म्हणून मी बोलत नव्हते. आई गप्प, मी गप्प. आणि आता त्या गप्पपणावर देवीचा शिक्का आणायला त्या गेल्या होत्या. देवी काय सांगणार ते उघड होतं. डावा कौल म्हणजे नाही, तो दिला की ऐकायचं, म्हणजे जायचंच नाही. उजवा दिला तरी वर उजवा की खाली उजवा, कोण सांगणार.

राजिवड्यावरून येणारा सुकटीचा वास पुलापर्यंत सोबत आला. पुलावर वारा लागला. भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं, होड्यांची तोंडं सगळी एकीकडे वळली होती. पाणी असं वळताना बघितलं की मला पोफळी आठवते, तिथे समुद्र नाही तरी. मी वाढले पोफळी गावातल्या वीजप्रकल्पाच्या वसाहतीत. बाबा डोंगराच्या पोटातल्या वीजघरात नोकरीला. सकाळी बस त्यांना घेऊन बोगद्यात जायची आणि बोगदा बंद नसला तरी मला तो बंद झाल्यासारखा वाटायचा. आत पाणी पडतं, त्याने चाक फिरतं आणि सगळीकडे दिवे लागतात, एवढं मला माहीत होतं. बाबा आत गेल्यावर घरात उरायचो आई आणि मी. माझ्या आईला बी.एड.ला जागा मिळाली होती, रत्नागिरीला, ह्याच गावात. वसतिगृहात राहावं लागणार होतं. मी तेव्हा अवनीएवढीच होते. ती गेली नाही. ह्याबद्दल ती कधी कडू बोलली नाही, उलट फार गोड बोलायची. कोणी विषय काढला की मला जवळ ओढायची आणि म्हणायची, हिला सोडून कुठे जाणार होते मी. पाहुणे हसायचे. मीही हसायचे. मग वसाहतीच्या शाळेत नवीन बाई आल्या की मी त्यांच्या पर्सकडे, त्यांच्या घड्याळाकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, हे आईचं होतं, ते मी खाल्लं. चांगले मार्क मिळवले की जरा बरं वाटायचं. जरा भरपाई झाल्यासारखं. आईला ह्यातलं काही ठाऊक नाही. परवा फोनवर तिला दोन्ही शाळांचं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, बघ बाई, तुझं तू. मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला. ती शिट्टी झाली नसती तर ती काय म्हणाली असती ह्यावर मी दोन दिवस विचार केला.

देऊळ लहानच, जांभ्याचं, पुढे पत्र्याचा मांडव. मी स्कूटर फणसाखाली लावली, चपला काढल्या आणि मांडवाच्या खांबाशीच थांबले. थेट आत जाऊन अवनीला उचलायचं आणि निघायचं असं ठरवून आले होते. पण गाऱ्हाणं सुरू झालं होतं, आणि गाऱ्हाणं चालू असताना मधे जाता येत नाही, हे बाहेरून लग्न होऊन आलेल्या माझ्याही अंगात आता भिनलं आहे. अवनी आजीच्या मागे जमिनीवर बसून खोबऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी कुरतडत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. आई हात जोडून उभ्या होत्या, एका पायावर भार टाकून, दुसरा गुडघा जरा वाकवून. ह्या वयात रिक्षाने, एकट्या, पोरीला सांभाळत त्या आल्या होत्या हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मांडवात कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, ते गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला होय महाराजा म्हणण्यापुरते. गाभाऱ्यात हरिश्चंद्र गुरव. तो आईंचा विद्यार्थी. अजून त्यांना बाई म्हणतो. देवीच्या दगडी खांद्यांवर त्याने ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. तिची उजवी बाजू, आपली नव्हे. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही.

हरिश्चंद्र मधेच थांबला होता. "बाई, प्रश्न येकच धरा. दोन शाळा, वरची, खालची, असं नाय चालत. तिला हो-नाय सांगता येल असं विचारा."

आईंनी भार दुसऱ्या पायावर टाकला. मग म्हणाल्या, "शाळेचं नकोच. शाळेचं तिचं ती ठरवील, तिला कळतं. माझं विचार."

हरिश्चंद्राने पुन्हा सुरुवात केली. त्याचा आवाज बदलला, नेहमीचा पोऱ्यासारखा आवाज जाऊन त्याच्या आत कोणीतरी जुनं बोलायला लागलं. बा देवी माये, ही उमा तुझ्या दारात उभी आहे. हिची सून मोठ्या शिक्षणाला जाते आहे. होय महाराजा. सून वर गेली तर पोर वर्षभर हिच्या पदरात राहणार. होय महाराजा. हिचं वय झालं, हिचे गुडघे दुखतात, हिला रात्रीचं दिसत नाही. होय महाराजा. तरी हिच्या हातून त्या पोरीला काही उणं पडणार नाही असा तुझा शब्द असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे.

खांब धरून मी उभी होते आणि पुलावरून आणलेलं सगळं भांडण माझ्या हातात तसंच राहिलं होतं, कुठे ठेवावं कळत नव्हतं. त्या माझ्याबद्दल विचारायला आल्याच नव्हत्या. माझं जाणं त्यांनी धरूनच ठेवलं होतं, तेही वरच्या शाळेचं, मी स्वतःशीसुद्धा जे उच्चारलं नव्हतं ते. मी कधी बोलले होते त्यांच्यासमोर? मुलाखत झाल्यावर बाथरूममधून बाहेर आले तेव्हा त्या दारातच होत्या, टॉवेल घेऊन. माझ्याकडे बघून टॉवेल दिला होता.

पाकळ्या बराच वेळ हलल्याच नाहीत. समई तडतडली. अवनीचं खोबरं संपलं आणि ती आजीच्या लुगड्याच्या काठाला हात पुसत होती. मग एक पाकळी सुटली. अगदी सावकाश, दगडावरून घसरत.

"डावा दिलान, बाई."

आई पुढे वाकल्या. "पाकळी फार ओली होती ती."

"दोनी वल्याच होत्या."

"परत लाव."

"तोच प्रश्न परत नाय लावत. तुम्हाला ठाव हाय." हरिश्चंद्राने मान खाली घातली होती. शाळेत गणित चुकल्यावर घालत असेल तशी, आणि आज गणित बाईंचं चुकलं होतं.

"काय उणं पडेल, ते सांगते का ती?"

"ते नाय सांगत. येवढंच सांगत्ये."

आईंनी नमस्कार केला. त्यांना खाली वाकता येत नाही, उभ्यानेच करतात. हात जोडलेले राहिले, नेहमीपेक्षा बराच वेळ, आणि ओठ हलत होते. अवनीने वर बघून विचारलं, आजी, देवी काय बोलली? ह्याचं उत्तर मी ऐकलं नाही. मी मागच्या मागे फणसापर्यंत आले होते. पळून आले म्हणायला हरकत नाही. त्यांनी मला तिथे बघू नये एवढं एकच मला त्या वेळी हवं होतं. स्कूटर सुरू न करता उतारावरून तशीच सोडली.

भाट्याच्या सुरूबनाशी थांबले. वाळूत उतरले नाही, गाडीवरच बसून राहिले. लोक भेळ खात होते, कोणाची तरी मुलं ओरडत होती. देवी मला कधी फारशी कळली नाही. मी नमस्कार करते, नारळ वाढवते, पण कौल आईंचा. घर बांधताना, सलिलच्या आजारपणात, बागेचा वाद होता तेव्हा, प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं आणि दिलेलं उत्तर पाळलं, नुकसान झालं तरी. गणिताच्या बाई आणि कौल, मी सुरुवातीला हसले होते. त्या म्हणाल्या होत्या, गणितात मला कळतं तोपर्यंत मी विचारत नाही गो, कळायचं थांबलं की विचारत्ये. म्हणजे आज त्या घरी येतील आणि सांगतील, देवीने डावा दिला, मला झेपायचं नाही, तू पोरीला घेऊन खालच्या शाळेत जा. त्यात काही चूक नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी विचारलं हेच किती होतं. मी माझं आयुष्य त्यांच्या गुडघ्यांवर ठेवू पाहात होते आणि त्यांनी ते गुडघे नेऊन देवीला दाखवले. डोळे भरून आले ते वाऱ्याने असतील असं मी भेळवाल्याला दिसेल अशा बेताने पुसले. आणि वाटलं, चला, सुटलो. खालची तर खालची. ठरवायला लागलं नाही. त्या सुटण्यातच कुठेतरी बारीक काहीतरी टोचत होतं, पायात गेलेल्या कुसळासारखं, दिसत नाही पण पाऊल टेकलं की आहे.

घरी आले तेव्हा अंगणात अवनी पेंढ्याच्या ढिगात रुतून बसली होती. मला बघून तिने रोजच्यासारखा हात वर केला, उचलण्यासाठी नाही, नुसता आहे म्हणून. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कैरी किसत होत्या. उशीर झाला का गो, म्हणाल्या. कंटेनर होता, म्हटलं. मी हात धुतले, चहा टाकला. माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि त्या बोलतील त्याची मी वाट बघत होते. आधीच मनात उत्तर जुळवत होते. हसून म्हणायचं, बरं झालं, माझंही तेच होतं. त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही.

"देवीला कौल लावून आल्ये," आई म्हणाल्या. किसणीचा आवाज चालूच होता. "तुझं नाही विचारलं. अवनी माझ्यापाशी राहिली तर निभेल का, एवढंच."

"मग?"

"उजवा दिलान. लगेच."

चहा वर आला. मी तो खाली केला. पुन्हा वर आला. वर्गात खोटं कोण बोलतं ते कसं ओळखायचं हे आई नेहमी सांगतात. खोटं बोलणारं पोर एक शब्द जास्त बोलतं म्हणतात. तो जास्तीचा शब्द आता आमच्या दोघींच्या मधे होता आणि त्या खाली मान घालून किसत होत्या, कैरीची कोय लागली तरी किसत होत्या. ज्या बाईने बागेच्या वादात डावा दिला म्हणून स्वतःचा हक्क सोडला होता, तिने देवीच्या तोंडी उलटं उत्तर घातलं होतं. सहज नव्हे. मांडवात तितका वेळ हात जोडून ओठ हलत होते ते काय होतं हे मला आता कळत होतं. त्या तिची माफी मागत असतील, किंवा तिला बजावत असतील, मला ठाऊक नाही. पण देवीचं ऐकायचं की माझं, ह्यात त्यांनी मला निवडलं होतं, मी काही मागितलेलंही नसताना.

आणि देवी काही खोटं बोलली नव्हती. उणं पडणारच. अवनीला ताप येईल आणि मी नसेन. ती एखादा नवा शब्द पहिल्यांदा बोलेल आणि तो मला फोनवर, दुसऱ्यांदा ऐकू येईल. आईंना रात्रीचं दिसत नाही. खालच्या शाळेत नेलं तरी उणं पडलं असतं, ते वेगळं पडलं असतं आणि कोणी विचारायला गेलं नसतं. मला काहीच उणं पडू दिलं नव्हतं माझ्या आईने. म्हणून तर अजून माझ्याकडे ते आहे, न संपलेलं, तिचं न घातलेलं घड्याळ. वरची सोडली तर एक दिवस अवनीलाही मी पाहुण्यांसमोर जवळ ओढेन आणि म्हणेन, हिच्यासाठी मी, आणि ती हसेल. ते हसणं मला माहीत आहे. मी गॅस बंद केला. भीती गेली नव्हती, अजून गेलेली नाही. पण भीतीच्या खाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पायाला काहीतरी लागलं.

"वरची घेते मग," मी म्हटलं.

किसणी थांबली. बाहेर सलिलचा टेम्पो वळल्याचा आवाज आला, अवनी त्याच्या दिशेने धावली असावी.

"आजच नको कळवूस. सोमवार आहे ना."

"सोमवारपर्यंत मी फिरेन."

"फिरलीस तर फीर. माझं काही नाही." त्यांनी कीस एका बाजूला केला, पुन्हा दुसऱ्या बाजूला केला. "वैदेही, मी विसरत्ये हल्ली. परवा दूध उतू गेलं, मी समोर उभी होत्ये. रात्री पायरी दिसत नाही मला. तू म्हणशील, आई आहेत. आई कशा आहेत ते बघून मग जा."

दिलेला शब्द मागे न घेता त्या मला खरं सांगत होत्या, जेवढं सांगता येईल तेवढं. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि जमिनीवर, त्यांच्या स्टुलापाशी बसले. दूध उतू जाऊ दे, म्हटलं. रात्री पायरीशी दिवा लावून ठेवायला सलिलला सांगू. मी महिन्याला येईन, गाडी थेट आहे. सलिल आहे. दुपारचं तुळसाबाई आहेत. आई ऐकत होत्या, एकेक गोष्ट वहीत तपासल्यासारख्या, मान हलवत. मग चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला.

"रात्री दचकून उठते ती. तू काय करतेस तेव्हा? मला दारातून नुसती तू बसलेली दिसत्येस. गाणं म्हणतेस?"

"नाही."

"थोपटतेस?"

"थोपटलं तर जास्त रडते."

"मग काय ते शिकव मला. आत्ताच शिकव, नंतर राहून जातं."

मी उठून त्यांच्या मागे गेले. काय करते ते मला सांगता येईना, मी कधी शब्दांत आणलं नव्हतं. म्हणून मी माझा तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला, खांद्यांच्या मधोमध, ब्लाउजच्या खाली जिथे कणा लागतो तिथे. त्यांची पाठ लहान होती, मला वाटलं होतं त्याहून लहान, आणि ताठ. इतक्या वर्षांत मी त्यांना नमस्कार सोडून कुठेच हात लावला नव्हता. "असा," मी म्हटलं. "दाबायचा नाही. हलवायचा नाही. नुसता ठेवायचा, आणि आपला श्वास जरा मोठा घ्यायचा. मग तिचा त्याला लागतो."

माझ्या हाताखाली त्यांची पाठ हळूहळू सैल होत गेली.

"आणि काढायचा कधी?" त्यांनी विचारलं.

"आपण नाही काढायचा," मी म्हटलं. "ती कुशीवर वळते. मग आपोआप सुटतो."

"बरं," आई म्हणाल्या. "थांब, अजून नीट कळलं नाही." आणि त्या तशाच बसून राहिल्या.